जगाचं सार्वजनिक आरोग्य खान्देशातल्या कॉलेजांत शिकवायचं का?

तापीकाठ (जळगाव)

माझं मत आधीच सांगते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नर्सिंग, बीएसडब्ल्यू, बीएएमएस, एमबीबीएसच्या मुलामुलींना इतर देशांनी आपले आरोग्याचे प्रश्न कसे हाताळले हे नीट शिकवलं पाहिजे. पाहुणा बोलावून तासभर भाषण नको. पूर्ण सत्राचा विषय हवा, परीक्षेसकट. हे मी एका बैठकीत मांडलं तेव्हा उत्तर मिळालं, "धडगावला डॉक्टर टिकत नाही आणि तुम्हाला बांगलादेश शिकवायचाय." म्हणून इथे मांडते.

बांगलादेशच घेऊ. 1971 साली तिथून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालातल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. मला पुढची जास्त मोलाची वाटते. 1980 ते 1990 या काळात ब्रॅक या बांगलादेशी संस्थेच्या बायका एक कोटीहून जास्त घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी एवढंच प्रत्येक आईला शिकवत राहिल्या. नंतर दुसरं कोणीतरी त्यातल्या काही घरांत जाऊन आईची उजळणी घ्यायचं. आईला किती आठवतं, त्यावर शिकवणारीचं मानधन ठरायचं.

आपल्या आशाताईला पैसे कशाचे मिळतात? भेटीचे, भरलेल्या फॉर्मचे, दवाखान्यात नेलेल्या बाळंतिणीचे. आईला काय समजलं, याचे नाहीत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ओआरएसचं पाकीट वाटणं वेगळं आणि मध्यरात्री जुलाब लागलेल्या लेकराला आईने काय करायचं हे तिला येणं वेगळं. हा फरक आपल्या एकाही अभ्यासक्रमात मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट पोलिओची. 13 जानेवारी 2011 नंतर देशात जंगली पोलिओचा रुग्ण सापडला नाही. त्यामागे उत्तर प्रदेश-बिहारातल्या वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे मुक्काम यांच्या गावोगाव केलेल्या याद्या होत्या. आपल्याकडे दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याची, साक्रीची, चोपड्याची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, काही थेट गुजरातेत. होळीला परततात. मधल्या काळात लेकरांच्या लसी, गरोदर बाईची तपासणी, क्षयाच्या गोळ्या कुणाच्या वहीत असतात? पोलिओच्या वेळी याद्या जमल्या, तर मुकादमनिहाय याद्या जमणार नाहीत असं मला वाटत नाही. पण हा विचार सुचायला पोलिओचं काम कसं झालं हे कुणीतरी शिकलेलं असायला हवं.

मोलगी रोड

ताई, तळमळ कळते. तरी मी विरोधात आहे आणि स्पष्ट लिहितो.

मी अक्कलकुवा तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. इथे काय करायचं हे न कळल्यामुळे माणूस मरत नाही. बाळंतीण अडली की तिला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावी लागते, म्हणून मरते. नर्मदेच्या काठच्या पाड्यांना सरदार सरोवराच्या पाण्यामुळे बोटीशिवाय वाट नाही. तरंगता दवाखाना असला तरी रात्री अडलेल्या बाईला त्याचा उपयोग किती? उपकेंद्राला नर्सबाई नसेल तर ब्रॅकची पद्धत शिकवणार कोणाला?

आणि बाहेरून आलेल्या उपायांचा अनुभव आम्ही घेतला आहे. आफ्रिकेत, मलावीसारख्या देशांत, तीव्र कुपोषित मुलांना शेंगदाणा-दूध पावडरची तयार पेस्ट देऊन घरीच बरं करण्याची पद्धत निघाली. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ यांनी तिला पाठिंबा दिला. आपल्याकडे वर्षानुवर्षं वाद चालला: एका बाजूला पेस्टची पाकिटं, दुसऱ्या बाजूला ताजा गरम आहार. 2017 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून सांगितलं की या पेस्टचा पुरावा पुरेसा नाही. वाद वरच्या माणसांचा, आणि पाड्यावरच्या सेविकेला कोणी विचारलं नाही. शेंगदाणा आमच्या शेतात आहे, गूळ बाजारात आहे. लेकराला दिवसातून पाच वेळा भरवायला आई घरी नाही, हा खरा अडसर. ती मजुरीला गेलेली असते आणि लेकरू सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. हे समजायला मलावीचा अभ्यास लागत नाही.

शहादेकर सिस्टर

मोलगीच्या दादांचं दुखणं माझंही आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते.

सिकलसेलचं, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचं सांगते. आपल्या भिल्ल, पावरा घरांत हा आजार आहे हे सगळ्यांना माहीत आहे. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची. आमच्या मुली शिबिरात रक्त घेतात, कार्ड देतात. तपासणीच्या निकालाप्रमाणे पिवळं कार्ड, लाल कार्ड. पुढे काय, हे विचारलं की गप्प.

जमैकात किंग्स्टनला 1973 पासून जन्मतःच तपासणी सुरू झाली, एक लाख बाळांची. तिथल्या डॉक्टरांना दिसलं की लहान मुलं अचानक पोटातली पानथरी (प्लीहा) फुगून, रक्त तिच्यात अडकून काही तासांत दगावतात. मग त्यांनी आयांना बाळाची पानथरी हाताने चाचपायला शिकवलं. वाढलेली वाटली की लगेच दवाखाना गाठायचा. त्या कारणाने होणारे मृत्यू खूप घटले. मशीन नाही, डॉक्टर नाही, आईची बोटं. दादा, ज्या पाड्यावरून झोळी यायला चार तास लागतात तिथल्या आईला हे यायला हवं की नको? माझ्या मुलींना हे पुस्तकात सापडलं नाही. मी सांगितलं तेव्हा वर्गातली एक पावरा मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, माझा भाऊ असाच गेला." त्या दिवशी पुढे शिकवणं झालं नाही.

लोकारोग्य धुळे

सिस्टरांचं उदाहरण मनाला भिडलं, तरी दोन गोष्टी.

एक, जमैकाचा सिकल आणि आपला सिकल तंतोतंत सारखा नाही. आपल्याकडे अरब-भारतीय प्रकार जास्त आढळतो. त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं, त्यामुळे आजाराची चाल बदलते. बाहेरचं जसंच्या तसं उचललं तर चुकेल. नंदुरबारच्या बाळांचा मागोवा नंदुरबारातच घ्यावा लागेल.

दोन, "जागतिक आरोग्य" कोण ठरवतं? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या परिषदेतल्या 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात सर्वांसाठी आरोग्य म्हणताना पाणी, अन्न, लोकांचा सहभाग, सगळं होतं. वर्षभरात "निवडक" उपचारांची भाषा आली, कारण देणगीदारांना मोजता येणारं काहीतरी हवं होतं. तेव्हापासून एकेका आजाराची वेगळी मोहीम, वेगळं रजिस्टर, आणि ते भरणारी सिस्टर मात्र एकच. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात थांबवली आणि आफ्रिकेत एचआयव्हीचे दवाखाने बंद पडू लागले. अशा पायावर उभं असलेलं शास्त्र आमच्या पोरांनी का घोकायचं?

तापीकाठ (जळगाव)

लोकारोग्य, तुम्ही जे लिहिलंत ते सगळं मला त्या अभ्यासक्रमात हवं आहे. अल्मा-आटा, मदत बंद झाल्यावर काय होतं, सगळं. आणि हेही की 2001 मध्ये सिप्ला या आपल्या कंपनीने एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा जगातली किंमत 10 हजार डॉलरच्या वर होती. हे ज्याला माहीत आहे तो देणगीदारापुढे मान खाली घालून बसणार नाही.

मोलगीच्या दादांना मात्र वेगळं सांगायचं आहे. डॉक्टर टिकत नाही, हाच तर जगाने अभ्यासलेला प्रश्न आहे. थायलंडने 1970 च्या दशकापासून सरकारी खर्चाने शिकलेल्यांना ग्रामीण सेवा सक्तीची केली. सक्ती पुरेना, मग दुर्गम भागाचा भत्ता वाढवला, खेड्यातल्याच मुलांना वेगळा प्रवेश देऊन त्यांच्या भागात शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये यावर शिफारशी काढल्या, त्यात हे ठळक आहे की खेड्यातून आलेला विद्यार्थी खेड्यात टिकण्याची शक्यता जास्त. नंदुरबारला 2020 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे धडगाव, अक्कलकुव्याची किती मुलं बसतात, हा प्रश्न जाहीरपणे विचारायला हवा.

आणि डॉ. अभय व राणी बंग 1984 मध्ये जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि गडचिरोलीत बसले. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून अर्भकं वाचवता येतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते छापलं गेलं आणि मग जगाने ते आपल्याकडून घेतलं.

केळीवाला रावेर

भाऊ-बहिणींनो, मी शेतकरी माणूस. आमचं कोणी विचारतच नाही म्हणून लिहितो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि केळीचे घड वाहणारी माणसं दुपारी दोनलाही बागेत असतात. अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर 2013 मध्ये उष्णतेचा आराखडा केला, पण तो शहराचा. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वाडोरला ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या खराब झाल्या, तेव्हा तिथे पाणी, विसावा आणि सावली असा नेम कामावर लावला. आमच्या ऊसतोड्यांच्या, केळी कामगारांच्या किडन्या कोणी तपासल्यात का? मना गावमा तरी कोणी उनं नही.

मोलगी रोड

रावेरचे भाऊ बोलले ते खरं. सिस्टरांचं पानथरीचंही मी इथल्या आशाताईंना दाखवणार आहे, उद्याच्याच मीटिंगला.

तरी माझा विरोध अर्धा कायम आहे. विषय लावाल तर तो शिकवणारे पुण्या-मुंबईहून आणू नका. परीक्षा वर्गात घेऊ नका, पाड्यावर घ्या. ताईंनीच सांगितलं ना, आईला किती आठवतं त्यावर मानधन? मग विद्यार्थ्याचे गुणही त्यानेच शिकवलेल्या दहा आयांना विचारून द्या. हे विद्यापीठाला मान्य असेल तर अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर माझं नाव पहिलं घाला. नसेल तर विरोधात पत्र मीच देईन.