मदत हवी आहे: पश्चात्ताप आधी की नवा जन्म?

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतोय.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 3ऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याला सांगतो की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचे राज्य पाहता येत नाही. तिथला मूळ ग्रीक शब्द 'अनोथेन'. त्याचा अर्थ 'पुन्हा' असाही होतो आणि 'वरून' असाही. म्हणजे हा जन्म माझ्या हातात नाही, तो पवित्र आत्म्याचे काम आहे. मग प्रेषितांची कृत्ये 2:38 मध्ये येशूचा शिष्य पेत्र लोकांना "पश्चात्ताप करा" असे का सांगतो? पापात मेलेले मन आधी देवाकडे वळेल तरी कसे? की वळणे हीच जिवंत झाल्याची पहिली खूण?

खरी अडचण मात्र वेगळी आहे. एकाच पापाची कबुली मी कितीदा दिली असेल! रडतो, प्रार्थना करतो, काही दिवसांनी पुन्हा तेच. 2 करिंथ 7:10 मध्ये प्रेषित पौल देवाला अनुसरून होणारे दुःख आणि जगाचे दुःख यांत फरक करतो. माझे दुःख यांतले कोणते, हे कसे ओळखू? येशूला नाकारल्यावर पेत्रही रडला, त्याला धरून दिल्यावर यहूदालाही पस्तावा झाला. पण एक प्रभूकडे परतला, दुसरा नाही. हे वाचले की छातीत धस्स होते.

स्तोत्र 51, दाविदाची पश्चात्तापाची प्रार्थना, रोज वाचतोय, त्याने धीर येतो.

ज्यांनी हा झगडा अनुभवला आहे, त्यांनी कृपया लिहा. वचनांचे संदर्भ दिलेत तर फार बरे होईल. आणि माझ्यासाठी प्रार्थना करा.