बाबांच्या डीटीपीच्या पीसीला एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकायचीय, पण विंडोज नव्याने टाकायचं नाहीये. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं कराडला डीटीपीचं छोटं दुकान आहे, बाबा चालवतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, असलं सगळं. मी पुण्यात असतो, महिन्यातून एकदा घरी गेलो की "अरे तो कॉम्प्युटर बघ जरा" हे ठरलेलं. यावेळी मात्र खरंच हद्द झाली, बटण दाबल्यापासून पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) उघडून काम सुरू व्हायला आठ-नऊ मिनिटं, आणि टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर डिस्क कायम १०० टक्के, गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि बाबा नुसतेच माऊस हलवतायत.

पीसी असा आहे: आय३ चौथ्या जनरेशनचा, एच८१ मदरबोर्ड, रॅम ४ जीबी, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०.

आता खरी अडचण. त्यावर पेजमेकर ७ आणि श्रीलिपीचं (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) जुनं व्हर्जन आहे, दोन्हीच्या सीडी दुकान बदललं तेव्हा आमच्याच हातून हरवल्या. बाबांच्या पंधरा-सोळा वर्षांच्या फाईली त्याच फॉन्टमध्ये आहेत, युनिकोड नाही, त्यामुळे दुसऱ्या मशीनवर उघडल्या की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणजे फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकणं हा पर्यायच नाहीये. इथला एक कॉम्प्युटरवाला म्हणतो एनव्हीएमई (एसएसडीचाच जास्त वेगवान प्रकार) घ्या, कार्डावर बसवून देतो, सगळ्यात फास्ट, आणि विंडोज फ्रेश टाकू. मला दोन्ही पटेना.

तर आहे तसंच्या तसं सगळं एसएसडीवर नेता येईल का? आणि कुठली घेऊ? तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याच्या आत करायचंय.

प्रतिसाद १
येईल की, त्याला क्लोन करणं म्हणतात. एनव्हीएमईच्या नादी लागू नका. एच८१ च्या काळातल्या बहुतेक बोर्डांचं बायॉस (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून बूट होत नाही, कार्डावर लावली तर विंडोजमध्ये दिसेल पण विंडोज तिच्यावरून चालू होणार नाही, मग काय फायदा. साधी अडीच इंची साटा (हार्डडिस्कच्याच केबलला लागणारी) एसएसडी घ्या. कागदावर तिचा स्पीड सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास आणि एनव्हीएमईचा कितीतरी पट, पण तुम्हाला त्रास त्या आकड्याचा नाहीये. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाईली वाचतं आणि हार्डडिस्कचा हेड प्रत्येकीसाठी इकडून तिकडे पळतो, दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद. एसएसडीत पळायला काही नाहीच. फरक तिथे पडतो.

प्रतिसाद २
डिस्क कायम १०० टक्के म्हणजे नुसती म्हातारी झालीय का मरायला टेकलीय ते आधी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, काय दाखवतंय ते इथे लिहा. तोवर क्लोनबिन काही करू नका.

धागाकर्ता
बघितलं. पिवळं, 'कॉशन' लिहिलंय. करंट पेंडिंग सेक्टर म्हणून एक ओळ आहे तिथे शून्य नाहीये. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) मारू का?

प्रतिसाद २
नको नको नको. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे. चेकडिस्क अख्खी डिस्क घासत बसेल आणि त्यातच ती गेली तर? आज रात्री पहिलं काम, एक्स्टर्नल डिस्क आणा आणि बाबांच्या फाईली आणि फॉन्टचं फोल्डर कॉपी करून घ्या. साधं कॉपी-पेस्ट. क्लोनचं उद्या बघू, डेटा आज.

प्रतिसाद ३
माझं पण दुकानच आहे (झेरॉक्स आणि डीटीपी), मी हे मागच्या वर्षी केलंय म्हणून सांगते. एक, ४८० जीबीची घेऊ नका, ५०० किंवा ५१२ चीच घ्या. क्लोनझिलाला (क्लोन करायचं सॉफ्टवेअर) नवीन डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, ४८० घेतली की आधी पार्टिशन कमी करत बसा, आणि तुमची डिस्क आजारी आहे तर ती कसरत नकोच. दोन, पूर्ण डिस्कचा क्लोन करा, नुसत्या सी चा नाही, नाहीतर सुरुवातीचं छोटं सिस्टीमचं पार्टिशन राहतं आणि पीसी बूटच होत नाही. तीन, खराब सेक्टरवर क्लोनझिला अडकून बंद पडतं, त्यात रेस्क्यूचा ऑप्शन आहे तो निवडा. आणि सोर्स कुठली, टार्गेट कुठली हे विचारतं तेव्हा दोन्ही ५०० च्या असल्या तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका, मॉडेलचं नाव वाचा. उलटं केलं तर कोरी डिस्क जुन्यावर चढेल, मग रडायलाही वेळ मिळणार नाही.

धागाकर्ता
ताई, खूप आभार, हे मॉडेलचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. श्रीलिपीला डोंगल आहे, यूएसबीचं (पेनड्राईव्हसारखी चावी). ते चालेल ना?

प्रतिसाद ३
डोंगलवालं असेल तर काळजी नाही, लायसन्स डोंगलमध्ये असतं. काही सॉफ्टवेअर हार्डडिस्कच्या नंबरला बांधलेली असतात, ती मात्र क्लोननंतर परत चावी मागतात.

प्रतिसाद १
एच८१ ला चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ जीबीपीएसचे. बोर्डावर छापलेलं असतं, बघून त्यातच लावा. बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीई असेल तर एकदम एएचसीआय करू नका, निळा स्क्रीन येईल. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावायचं, रीस्टार्ट करताना मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा चालू झालं की सेफ बूट काढायचं. रॅमही अजून ४ टाका. आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, चौथ्या जनरेशनला ११ अधिकृतपणे चालत नाही, तर त्या पीसीवर गिऱ्हाइकांचे पेनड्राईव्ह जरा जपून.

धागाकर्ता
अपडेट: शनिवारी केलं. फाईली कॉपी करायलाच रात्रीचे दोन वाजले, तीन जुन्या पत्रिका वाचताच आल्या नाहीत, २०११ च्या होत्या, बाबा म्हणाले जाऊ दे त्यांची पोरं शाळेत गेली. क्लोनला रेस्क्यूवर टाकून साडेचार तास. जुनी डिस्क काढून मगच पहिल्यांदा चालू केलं. बूट झालं, पेजमेकर उघडलं, फॉन्ट जागेवर! एसएसडी बसवायला ब्रॅकेट नव्हतं, सध्या डबल टेपने चिकटवलीय.

पण एक घोळ. डी ड्राईव्हचं ई झालंय आणि पत्रिकेतले गणपती, कलश सगळे 'लिंक सापडत नाही' म्हणतायत. परत क्लोन करावं लागेल का?

प्रतिसाद ३
छे हो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा, त्या पार्टिशनवर राईट क्लिक, ड्राईव्ह लेटर बदला, परत डी द्या. डी डीव्हीडी ड्राईव्हने घेतलेलं असेल, त्याला आधी दुसरं द्या.

धागाकर्ता
डीव्हीडीनेच घेतलं होतं. झालं, गणपती आले.