पहिल्या घराचं डाउन पेमेंट : सरकारनं हात द्यावा का?

हडपसरचा_भाडेकरू

आम्हा दोघांच्या पगारावर बँक ४८ लाखांचं गृहकर्ज द्यायला तयार आहे. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ४१,७०० च्या आसपास बसतो. ओढाताण होईल, पण झेपेल. घोडं अडलंय ते पहिल्या रकमेवर.

६० लाखांचा रिसेलचा टू बीएचके पाहिलाय. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर कर्ज मिळत नाही. म्हणजे १२ लाख आपले. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४.२० लाख. नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही खर्च बँक किमतीत धरतच नाही. एजंट, सोसायटीची ट्रान्सफर फी, रंगकाम बाजूला ठेवलं तरी साडेसोळा लाख आधी हातात हवेत. आम्ही वर्षभर काटकसर करून जे साठवतो, तेवढ्यानं घराचा भाव पुढे गेलेला असतो.

ऑफिसात ज्यांनी तिशीत घर घेतलं, त्यातल्या बहुतेकांच्या मागे वडील किंवा सासरे उभे होते. ज्यांच्या मागे कोणी नाही त्यांनी काय करायचं? माझं म्हणणं : पहिल्या घरासाठी सरकारनं १० टक्के रक्कम बिनव्याजी द्यावी आणि घर विकलं की वसूल करावी. फुकट नकोय. मतं सांगा.

वाकडवासी

सपशेल विरोध. सरकारनं सहा लाख जाहीर केले की तुमचा साठचा फ्लॅट सहासष्टचा झालाच म्हणून समजा. घर विकणाराही पेपर वाचतो. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत ३ टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा रजिस्ट्रार ऑफिसबाहेर काय रांगा लागल्या होत्या आठवतंय ना? आम्ही त्याच वेळी घर शोधत होतो. लॉकडाउनमध्ये जो बिल्डर स्वतः फोन करून "या, बसून बोलू" म्हणत होता, तो दिवाळीनंतर "रेट फायनल आहे, सर" वर आला. सूट आमच्या नावावर, मलई त्याच्या ताटात.

थेम्सकाठची

तुम्ही म्हणता ती योजना इंग्लंडमध्ये दहा वर्षं चालली, २०१३ ते २०२३. 'हेल्प टू बाय'. खरेदीदाराचे ५ टक्के, सरकारचे २० टक्क्यांपर्यंत, आणि लंडनमध्ये २०१६ पासून ४० टक्क्यांपर्यंत. पहिली पाच वर्षं व्याज नाही. इथल्या ओळखीच्या बऱ्याच मराठी आयटीवाल्यांनी घर त्यातच घेतलं.

एक गोष्ट मात्र सही करताना कोणी नीट वाचत नाही. सरकारचा वाटा रुपयात नसतो (पौंडात म्हणा), टक्क्यांत असतो. ४ लाख पौंडांच्या घरावर सरकारचे ८० हजार घेतलेत आणि घर ५ लाखांचं झालं, तर परत द्यायचा १ लाख. मूल्यांकन करणाऱ्याची फी वर तुमचीच.

वाकडवासींच्या मुद्द्याबद्दल : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. लंडनच्या भागात नव्या घरांचे भाव चढले, बांधकाम काही वाढलं नाही. उलट इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, जिथे जागा मोकळी आणि परवानग्या सोप्या, तिथे घरं जास्त बांधली गेली. आणि २०१९ मध्ये तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं लिहिलं की लाभ घेणाऱ्यांतले पाचातले तीन जण या मदतीशिवायही कुठलं ना कुठलं घर घेऊ शकले असते. म्हणजे पाचातल्या दोघांसाठी पाचही जणांना पैसे वाटले. तरी मी सरसकट विरोधात नाही. त्या दोघांपैकी एक आम्ही होतो.

जुना_बँकर

आपल्याकडच्या योजनांबद्दल बराच गैरसमज दिसतो, म्हणून लिहितो. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेतलं व्याज अनुदान, ते प्रसिद्ध २.६७ लाख, डाउन पेमेंटच्या कामाचं कधीच नव्हतं. आधी तुम्ही मार्जिन (किमतीतला आपला वाटा) भरायचं, कर्ज उचलायचं, मग काही महिन्यांनी अनुदान थेट कर्जखात्यात जमा व्हायचं. हप्ता हलका झाला, दारातली अडचण तशीच. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. अनुदान पहिल्या ८ लाखांवर, जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. भाडेकरू साहेब, तुम्ही त्यात कुठेच बसत नाही.

आता मूळ मुद्दा. मार्जिन ही बँकेची हौस नाही. भाव १५ टक्के पडला किंवा नोकरी गेली, तर कर्जदार घर सोडून पळत नाही तो त्यात त्याचा पैसा अडकलेला असतो म्हणून. अमेरिकेत डाउन पेमेंट देणाऱ्या 'सेवाभावी' संस्था निघाल्या होत्या. घर विकणाराच संस्थेला देणगी द्यायचा, संस्था तेवढीच रक्कम खरेदीदाराला द्यायची आणि किंमत तेवढ्यानं फुगवलेली असायची. सरकारी हमीच्या कर्जांत अशी कर्जं इतरांपेक्षा कितीतरी जास्त बुडू लागली, तेव्हा २००८ मध्ये कायदा करून तो प्रकार बंद करावा लागला.

हडपसरचा_भाडेकरू

@जुना_बँकर, काका, एक सांगा. वडिलांनी दिलेले १२ लाख हा कर्जदाराचा "स्वतःचा पैसा" कसा? तो बुडाला तर त्याला तेवढंच दुखेल का? बापाची एफडी चालते, सासऱ्यांनी मोडलेलं सोनं चालतं, फक्त सरकारनं दिलं की शिस्त बिघडते! आणि ज्याच्याकडे हे काहीच नाही तो पर्सनल लोन काढतोच आहे.

जुना_बँकर

काढतो, आणि आम्हाला दिसतं. गृहकर्जाच्या अर्जाआधी दोन महिन्यांवर सिबिलमध्ये (कर्जांच्या नोंदीत) सहा लाखांचं पर्सनल लोन, आणि कारण विचारलं की "बहिणीचं लग्न". चौदा-पंधरा टक्क्यांचा तो हप्ता धरला की गृहकर्जाची पात्रताच खाली येते. वडिलांच्या पैशाबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. बँक एवढंच बघते की त्याच्यावर दुसऱ्या कोणाचं देणं नाही.

एक_एजंट

लोकं काय काय करतात ते इथे लिहिलं तर धागा उडेल. सौदा ५५ चा, ॲग्रीमेंट ६५ चं, कर्ज ६५ वर. वरच्या दहा लाखांवरचं मुद्रांक शुल्क आनंदानं भरतात. हातातून दमडी न देता भरणा केल्याच्या पावत्या बनतात. सरकारनं उघड मदत केली तर हे धंदे तरी कमी होतील. म्हणून माझं मत बाजूनं. (हो, माझी दलालीही वाढेल, लपवत नाही.)

माणदेशी_मावशी

सगळं वाचलं. आमच्या गावात घरकुलाला केंद्राच्या योजनेतून मिळतात १.२० लाख. तेही हप्त्यानं. पाया झाला की फोटो, भिंती आल्या की फोटो, मग पुढचा हप्ता. मधल्या काळात बाई पत्र्याच्या खोपटात पोरं घेऊन बसलेली. आणि इथे महिन्याला ४१ हजारांचा हप्ता "झेपेल" म्हणणारा माणूस सहा लाख मागतोय. आगपेटीवरचा जीएसटी ती बाईपण भरते. तिच्या पैशातून हडपसरचा टू बीएचके का म्हणून, एवढं एक समजावून सांगा, बाबांनो.

हडपसरचा_भाडेकरू

मावशी, मी परतीच्या बोलीवर मागतोय, अनुदान नाही. आणि घरकुलाची रक्कम वाढवा यालाही माझा पाठिंबाच आहे.

माणदेशी_मावशी

बिनव्याजी वीस वर्षं वापरायला मिळाले तर ते अनुदानच की. सहा लाखांचं वीस वर्षांचं व्याज मांडून बघ.

वाकडवासी

मावशींना +१. पण भाडेकरूंची अडचण खोटी नाही, हेही खरं. मदत करायचीच तर सरकारनं आधी स्वतःचा हात आपल्या सगळ्यांच्या खिशातून काढावा. साडेसोळातले सव्वाचार लाख तर राज्यच आगाऊ घेतं! पहिल्या घराचं मुद्रांक शुल्क पाच वर्षांच्या हप्त्यांनी घ्या, घरावर बोजा चढवा, थकलं तर विक्री अडवा. कोणाला वाटायला तिजोरीतून पैसे काढायला नकोत.

थेम्सकाठची

पण २०२० च्या सवलतीनं भाव चढले म्हणून वर तुम्हीच तक्रार केलीत. हप्त्याची सोय दिली तरी माणसाची आज मोजायची ऐपत वाढणारच. तोच बिल्डर पुन्हा "रेट फायनल" म्हणेल.

वाकडवासी

म्हणेल. पण ती सूट चार महिन्यांच्या मुदतीची होती म्हणून झुंबड उडाली. कायमची सोय असली की घाई नाही. थोडा भाव चढेल, मान्य. सहा लाखांइतका नाही चढणार.

जुना_बँकर

याचं पिल्लू आधीपासून आहे. १० लाखांपर्यंतच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च किमतीत धरून कर्ज द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१५ मध्ये दिली. फक्त १० लाखांत पुण्यात आज घर शोधून दाखवा. ती मर्यादा ५० लाखांवर नेली तर कोणाच्याही खिशातून काही न जाता बऱ्याच जणांचं काम होईल. मात्र हप्ता तेवढा वाढेल आणि घरात अडकलेल्या कर्जदाराच्या स्वतःच्या पैशाची गादी तेवढी पातळ होईल, हे मी म्हणणारच.

एक_एजंट

भाडेकरू भाऊ, तोवर एक करा. घर वहिनींच्या एकट्यांच्या नावावर घ्या, महाराष्ट्रात बाईच्या नावावरच्या घराला मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. साठ हजार तिथेच वाचले. पूर्वी पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये गेली. कर्जात तुम्ही सहकर्जदार राहा.

हडपसरचा_भाडेकरू

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नाव माझं असेल तर माझ्या पीएफमधले पैसे काढायला हरकत नाही." आता @जुना_बँकर काका, पीएफचे पैसे मार्जिन म्हणून चालतात ना, आणि ते ॲग्रीमेंटच्या आधी हातात येतात की नंतर?