बाबांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया स्कॅनमध्ये दिसतील का?

वारणाकाठची_लेक
नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे, आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं. दिवाळीपासून भाजीवाल्याकडून सुटे पैसे परत घेताना अडखळतात. डॉक्टर म्हणाले, अल्झायमरची सुरुवात आहे. एमआरआय आणि ग्लुकोजचा पेट स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो) झालाय. आता आतेभावाने लेख पाठवलाय की मेंदूच्या राखणदार पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, पेट स्कॅनमध्ये दिसतात आणि सुरुवातीला त्या जोरात असतील तर आजार हळू वाढतो. बाबांचा हा स्कॅन करून घ्यावा का? पैशांचं बघू कसंही, पण नुसती आशा लावून बसायला नको.

रेडिओफार्मसीवाला
ताई, पेटची औषधं बनवण्यातच माझी १४ वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

लेखातली गोष्ट खोटी नाही. पॅरिसच्या गटाने २०१६ मध्ये अल्झायमरच्या ६४ रुग्णांवरचा अभ्यास छापला. ज्यांच्यात सुरुवातीला स्कॅनमध्ये या पेशींचा सिग्नल जास्त होता, त्यांची घसरण पुढची दोन वर्षं सावकाश झाली. मला तो अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण त्याआधी मेंदूतला दाह, म्हणजे या पेशींचं चवताळणं, वाईटच, असं बहुतेक जण धरून चालायचे.

पण आपण बघतो काय? पेशीतल्या मायटोकाँड्रियावर टीएसपीओ नावाचं प्रथिन असतं, त्याला चिकटणारं किरणोत्सारी औषध शिरेतून देतो. पेशी राखण करतेय की नासधूस, हे त्या प्रथिनावरून कळत नाही. उंदरांत पेशी चवताळली की टीएसपीओ वाढतं. माणसात तसं होत नाही, तिथे सिग्नल मुख्यतः पेशींची गर्दी सांगतो, असं २०२३ मध्ये दिसलं. शिवाय ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी) आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही ते असतंच.

आणखी एक अडचण. या प्रथिनाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने काही माणसांत स्कॅनची नवी औषधं नीट चिकटतच नाहीत. म्हणून आधी रक्ताची जनुकतपासणी लागते, नाहीतर कमी सिग्नलचा अर्थ भलताच लागायचा. जुनं औषध कार्बन-११ चं, ते २० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे ते बनवणारं यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, शेजारीच हवं. फ्लोरिन-१८ चं निम्मं व्हायला ११० मिनिटं लागतात.

थोडक्यात, हा संशोधनातला स्कॅन आहे. बाबांच्या गोळ्या त्याने बदलणार नाहीत. यासाठी कर्ज काढू नका.

मिरजेची_सून
सासूबाईंच्या वेळी आम्हीही असेच लेख गोळा करायचो. तुम्ही बी-१२, थायरॉइड, साखर आणि कान तपासून घेतलेत का? सासूबाईंना ऐकू कमी येत होतं आणि आम्ही म्हणत होतो, विसरतात.

रेडिओफार्मसीवाला
कानांचं अगदी बरोबर. एक राहिलं: खरी राखण ओळखायला आता मायक्रोग्लियावरच्या ट्रेम२ या प्रथिनावर काम चाललंय. त्याच्या जनुकातल्या एका बदलाने अल्झायमरचा धोका वाढतो, हे २०१२ मध्ये कळलं. पण ट्रेम२ ला चेतवणाऱ्या एका औषधाची चाचणी २०२४ मध्ये अपयशी ठरली. वाईट वाटलं मला. तरी स्कॅनसाठी तोच रस्ता बरोबर आहे असं मी मानतो.

वारणाकाठची_लेक
दादा, उत्तर बाबांना वाचून दाखवलं. २० मिनिटांत निम्मं, हे ऐकून ते बोटांवर काहीतरी मोजत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तासाने एक अष्टमांश उरेल." बरोबर आहे ना? कानाच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारची घेतली आहे.