ऑर्डील, ब्रदरहुड, व्हिजिल: मराठीत काय म्हणायचं?

कोयरी: न्यू जर्सीतल्या भाच्याला तिथल्या स्काउटांच्या 'ऑर्डर ऑफ द ॲरो' या मानाच्या मंडळात घेतलंय. आता त्याचं ब्रदरहुड आहे. कराडला आई-बाबांना कळावं म्हणून ताईला पानभर मराठी मजकूर हवाय. सदस्यत्वाच्या तीन पायऱ्या: आधी ऑर्डील, मग ब्रदरहुड, शेवटी व्हिजिल ऑनर. भाषांतराच्या यंत्राने संस्थेचं नाव 'बाणाचा आदेश' करून दिलं. बाबा विचारणार, आदेश कुणी कुणाला दिला?
ऑर्डीलमध्ये रात्री एकट्याने उघड्यावर झोपायचं, दुसऱ्या दिवशी मौन पाळून, अर्धपोटी राहून शिबिराची कामं करायची. मी 'कसोटी' लिहिलं तर ताई म्हणते, क्रिकेट वाटतं.

बुरुज: ऑर्डीलला शब्द तयार आहे की: दिव्य! मराठेशाहीत वतनाचा वाद कागदपत्रांनी सुटला नाही की दिव्य करायला लावत. रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. मग हातावर पिशवी बांधून मोहर करायची नि काही दिवसांनी सोडून बघायचं. हात पोळलेला दिसला की वतन गेलं.

नाममात्र: 'तुमचा नातू दिव्य सदस्य झाला' असं वाचून आजी पेढे वाटेल की फोन करेल? हल्ली दिव्य म्हणजे टोमणा. सत्त्वपरीक्षा म्हणा.

बुरुज: सत्त्वपरीक्षा देव भक्ताची घेतो, चिलयाबाळ आठवा. इथे कोण देव?

शीळ: इथे देव म्हणजे पथकातली पोरंच! कुणाला ऑर्डरमध्ये घ्यायचं हे तीच मत देऊन ठरवतात, जो अजून सदस्य नाही त्यालाही मत असतं. म्हणून मला 'पायरी' हा शब्दच खटकतो. आपल्याकडे भारत स्काउट्समध्ये प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक टप्प्याला परीक्षा. आमच्या सरांनी तृतीय सोपानाला गाठी डोळे बांधून मारायला लावल्या होत्या. अमेरिकेतही ईगल या सर्वात वरच्या दर्जापर्यंतचे दर्जे असेच कमवायचे. ॲरोचं वेगळं. ब्रदरहुडला ऑर्डीलनंतर सहा महिने थांबून तयारी दाखवली की झालं. व्हिजिलला मात्र अर्ज करता येत नाही, दुसऱ्यांनी निवडावं लागतं, तेही दर पन्नास सदस्यांमागे फार तर एक.

नाममात्र: सोपान म्हटलं की मला सासवडच आठवतं. पायरीला पायरी म्हणायला काय झालं होतं?

हळदुली: ब्रदरहुडला कृपा करून भाऊबंदकी लिहू नका. कराडचे आजोबा बांधाचा नकाशा काढून बसतील. 'बंधुभाव' बरा. पण 2019पासून मुलीही आहेत ना त्यात?

कोयरी: आहेत. ताईची धाकटी पुढच्या वर्षी रांगेत. 'स्नेहबंध' चालेल?

हळदुली: लग्न जुळवणाऱ्या मंडळाचं नाव वाटतं.

बुरुज: व्हिजिलला 'जागर'. रात्रभर एकट्याने शेकोटी जागती ठेवायची, म्हणजे जागरच. नंतर लेनापे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नावही मिळतं. 1915मध्ये गुडमन आणि एडसन यांनी डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंडच्या शिबिरात ही ऑर्डर सुरू केली, तेव्हापासूनचा लेनापेंचा सोस. स्वतः लेनापेंना काय वाटत असेल, ते वेगळंच.

हळदुली: जागर वर्तमानपत्रांनी वापरून वापरून पातळ केलाय. स्त्रीशक्तीचा जागर, मतदारांचा जागर. त्यात जागं कुणीच नसतं.

शीळ: 'जागरण' म्हणाल तर गोंधळ आलाच मागून.

आडवाट: मुळात स्काउट कशाला? 'बालवीर' हा चांगला शब्द होता, मुलींसाठी 'वीरबाला'. माझे वडील आयुष्यभर बालवीरच म्हणाले. तुम्ही लोकांनी टाकून दिला.

शीळ: टाकला नाही, तो आपणहून गेला. सतरा वर्षांच्या मिसरूड फुटलेल्या पोराला बाल म्हणून बघा.

आडवाट: मग 'बालगंधर्व' काय पाळण्यात गात होते?

कोयरी: मंडळी, मजकूर रविवारी जायचाय. दिव्य, बंधुभाव, जागर असं लिहून कंसात समजावू का?

नाममात्र: कंस करायचेच तर सरळ ऑर्डील लिहा. आई-बाबांना नातू शब्द शिकवेल, त्यालाही बरं वाटेल. बुरुज, ते रवादिव्यातलं 'रवा' म्हणजे उपम्याचाच रवा का?

बुरुज: तोच. रवा म्हणजे कण, दाणा. सोन्याचाही रवा असतो.

हळदुली: आणि तुपाचा. रवाळ तूप. आमच्याकडे कढवताना शेवटी विड्याचं पान टाकतात.

आडवाट: पानाने रवा येत नाही, वास येतो. रवा हळू निवल्याने येतो.