मधुमेही ज्येष्ठ गप्प-गप्प आणि विसराळू झाले तर आधी काय तपासायचं?

समुदाय आरोग्य अधिकारी, गेवराई तालुका
उपकेंद्रात साठीपुढचे बरेच मधुमेही येतात. साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू. काहींची साखर अचानक हाताबाहेर जाते, जेवण कमी होतं, झोप तुटक, विसर पडतो, पारावर जाणं बंद. घरचे म्हणतात, "वय झालं." यात जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश वेगळे कसे ओळखायचे?

फिजिशियन, अंबाजोगाई
आधी विचारा, हे कधीपासून? दोन-तीन दिवसांत एकदम बरळणं, गोंधळणं सुरू झालं असेल तर त्याच दिवशी पुढे पाठवा. लघवीचा संसर्ग असतो, नाहीतर साखर किंवा सोडियम उतरलेलं असतं. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन एकादशी धरणारे आणि बीपीसाठी थायझाइडची गोळी चालू असणारे यात हमखास सापडतात. ग्लुकोमीटर तिथंच लावा.

महिनोन्‌महिने चाललं असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदम करा. मेटफॉर्मिनमुळे बी-१२ आतड्यातून नीट शोषलं जात नाही; डोस मोठा आणि वर्षं जास्त, तितका धोका जास्त. बी-१२ मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ टाळू नका. आणि कृपा करून अशा माणसाला नुसत्या लोह-फॉलिकच्या गोळ्या देऊन घरी पाठवू नका. फॉलिकने रक्त सुधारतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, हे त्याचंही लक्षण असू शकतं.

समुपदेशक, लातूर
रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली थांबवू नका, दोन्ही सोबत करा. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे. अडचण अशी की झोप, थकवा, भूक या प्रश्नांचे गुण वाढलेल्या साखरेनेही चढतात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांवर (कशात रस न वाटणं, उदास वाटणं) नजर ठेवा. छापील वाक्य वाचून दाखवलं की "नाही" म्हणतात. "आजकाल करमंना का? नातवंडं आली तरी जीव रमंना का?" असं विचारा, ते बोलू लागतात.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तो कधीच गाळू नका. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी शेजाऱ्यांकडे कुलुपात ठेवायला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन तिथूनच लावून द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा.

विसरण्याबद्दल: नैराश्यात बहुधा माणूस स्वतःच तक्रार करतो, "मला काही आठवत नाही." स्मृतिभ्रंशात तक्रार घरचे करतात आणि तो झाकून नेतो. पक्कं निदान मात्र मन आणि बी-१२ दुरुस्त झाल्यावर, तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासून. ऐकू कमी येतं का, तेही बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ धोक्यांत बहिरेपण, दृष्टी जाणं, नैराश्य, मधुमेह, बीपी हे सगळे आहेत. कानात मळ साचलेला असणं ही तर सोपी गोष्ट.

समुदाय आरोग्य अधिकारी, गेवराई तालुका
नैराश्यासाठी एस्सिटालोप्रामची गोळी सुरू केलेले आठ दिवसांत सोडून देतात. त्यांना काय सांगू?

औषधनिर्माता, परभणी
सुरुवातीलाच सांगा: पहिला आठवडा मळमळ, बेचैनी, फरक दोन ते चार आठवड्यांनी, म्हाताऱ्यांत आणखी उशिरा. जेवणानंतर घ्यावी. बहुधा ५ मिलीग्रॅमपासून सुरू करतात, पासष्टीनंतर १० च्या वर जात नाहीत. गोळी एकदम बंद केली की चक्कर आणि अस्वस्थता येते, मग लोक म्हणतात "सवय लागली". थायझाइड सोबत असेल तर दोन आठवड्यांनी सोडियम करून घ्या. गुडघेदुखीसाठी स्वतःच डायक्लोफिनॅक या गोळीसोबत घेऊ नये, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दवाखाना.

फिजिशियन, अंबाजोगाई
एक भर. २०२० मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेला भारतातला अभ्यास बघा: ४ दवाखाने, मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेले ४०४ रुग्ण. तिथं डॉक्टर नसलेले समन्वयक रुग्णांशी सतत संपर्कात राहून साखर, बीपी आणि मन यांचा एकत्र पाठपुरावा करायचे. नेहमीच्या उपचारापेक्षा मन आणि शरीर, दोन्ही बाजूंनी सुधारलेले रुग्ण जास्त निघाले. हे काम उपकेंद्रात जमण्यासारखं आहे. एनसीडीच्या (मधुमेह-बीपीसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या) वहीत साखरेच्या रकान्याशेजारी पीएचक्यूचे गुण लिहायला लागा, आणि जो दोन महिने आला नाही त्याच्या घरी आशाताईंना पाठवा.