आंब्याचे कलम घरी बांधण्यासाठी योग्य काळ कोणता?

प्रश्न:
नमस्कार. कोयीपासून वाढवलेले आंब्याचे दीड वर्षाचे रोप माझ्याकडे कुंडीत आहे आणि घरच्या जुन्या झाडाचे कलम त्यावर बांधण्याची इच्छा आहे. मागच्या उन्हाळ्यात तीन रोपांवर पाचर कलम (झाडाची काडी पाचरीसारखी तासून रोपाच्या चिरेत बसवणे) करून पाहिले. काड्या आठवडाभर हिरव्या राहिल्या आणि मग शेंड्याकडून काळ्या पडत गेल्या. हंगाम चुकला की कापण्यात दोष राहिला? जुने झाड थकले आहे, त्याचे वाण हातचे जाऊ नये असे मनापासून वाटते.

उत्तर १:
काडी शेंड्याकडून वाळली, म्हणजे जोड जुळण्याआधीच तिच्यातला ओलावा उडाला असावा. जोड जुळायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तोवर काडीला खुंटाकडून (ज्यावर कलम बांधतो त्या खालच्या रोपाकडून) पाणी फारसे मिळत नाही, त्यामुळे हवा उबदार पण दमट असावी लागते. तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असणारा पावसाळ्याचा सुरुवातीचा काळ म्हणूनच सर्वांत चांगला. संततधारेत मात्र बांधू नये. कापात पाणी शिरले की जोड कुजतो.

उत्तर २:
हंगामाचे म्हणणे बरोबर आहे, परंतु काडी तयार नसेल तर चांगला हंगामही वाया जातो. मोहोर न आलेली, तीन-चार महिने वयाची, खुंटाच्या जाडीची शेंड्याची काडी निवडावी आणि ती झाडावर असतानाच, कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस, देठ ठेवून पाने कापून टाकावीत. मग शेंड्याचा डोळा (न उमललेला कोंब) फुगतो आणि राहिलेले देठ बोट लावताच गळून पडतात. तेव्हाच काडी उतरवावी. डोळा उमलून पालवी दिसू लागली तर उशीर झाला.

खुंटावर कोवळ्या फुटीचा भाग निवडून, तो आडवा कापून, मधोमध तीन-चार सेंटिमीटर उभी चीर द्यावी. काडीची पाचर धारदार चाकूने एकाच ओढीत तासावी, कारण खडबडीत काप नीट टेकत नाही. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूला साल सालीला भिडली पाहिजे. नंतर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी, काडीवर पारदर्शक पिशवी उलटी घालून तोंड बांधावे आणि कुंडी सावलीत ठेवावी.

प्रश्नकर्ता:
पाने आधी काढायची हे मला ठाऊकच नव्हते. मी काडी उतरवली आणि लगेच बांधली. पिशवी आणि पट्टी केव्हा काढावी?

उत्तर २:
कोंबाची पाने उघडू लागली की पिशवी संध्याकाळी काढावी. पट्टी दोन-तीन महिन्यांनी, जोड पक्का झाल्यावर सोडावी, नाहीतर ती खोडात रुतते. जोडाखाली फुटणारे कोंब दिसताक्षणी खुडावेत.

उत्तर १:
झाड थकलेले असेल तर एकाच रोपावर भिस्त ठेवू नका. यंदा ताज्या कोयी रुजत घाला; दहा-पंधरा दिवसांच्या, तांबूस पानांच्या रोपांवर कोय कलम करता येते आणि एकाच वेळी दहा-बारा काड्या बांधता येतात.